दार्जिलिंगचा चहा आणलाय, सोबत खायला काय ठेवू?

विश्रामबागकर:
नमस्कार. इथे सांगलीत नव्या ग्रोसरी दुकानात भारी भारी चहा आलेत. दार्जिलिंग सेकंड फ्लश (दुसऱ्या तोडणीचा) आणि थोडा कांगडा ग्रीन टी घेतला. आमच्याकडे कायम सीटीसी म्हणजे दाणेदार चहा पावडर, आलं आणि म्हशीचं घट्ट दूध. रविवारी ताई-दाजी येणार आहेत, त्यांना हा पाजायचाय. दूध घालायचं का? आणि सोबत काय? दुकानात चीज, ऑलिव्ह, डार्क चॉकलेट सगळं आहे.

साताऱ्याचा चहाबाज:
दार्जिलिंगला दूध अजिबात नको. कांगड्याला उकळतं पाणी नको, 80 अंशांच्या आतलंच. कंदी पेढे ठेवू नका, खरपूस खव्यापुढे हलका चहा लागतच नाही. पेढ्याला आसामचा कडक चहाच पाहिजे.

बेदाणेवाली, तासगाव:
सांगलीत राहून ऑलिव्ह कशाला? बेदाणे ठेवा! सेकंड फ्लश मे-जूनमध्ये खुडतात आणि त्याला पिकल्या द्राक्षासारखा वास असतो. गंमत बघा, आपण द्राक्षबागेत तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) दिसले की फवारणीला धावतो, आणि तिकडे तुडतुड्यांनी रस शोषलेल्या पानांनाच तो वास जास्त चढतो. म्हणून या चहाचं आणि बेदाण्याचं इतकं जमतं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पाहुण्यांना अभिमानाने सांगा.

फक्त बेदाणा बघून घ्या. गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक नको, त्याचा उग्र वास चहावर बसतो. धुरी न दिलेला तपकिरी घ्या. दिसायला साधा, पण चावला की आधी गोड आणि मागून जरा आंबूस लागतो. त्यावर चहाचा घोट घ्या, तुरटपणा कुठल्या कुठे जातो. आमच्या सासूबाई बिनदुधाच्या चहाला हात लावत नव्हत्या, आता दुपारी स्वतःच वाटीत बेदाणे काढून बसतात.

कपाला सपाट चमचाभर पत्ती, पाणी उकळून मिनिटभर थांबा, मग ओता आणि झाकण ठेवा. तीन मिनिटांत गाळा. गाळल्यावर किटलीतली ओली पत्ती हुंगा, तांबूस पानं उलगडलेली असतात आणि खरा वास तिथेच असतो. तीच पत्ती दुसऱ्यांदाही चालते, तेव्हा चार मिनिटं ठेवा.

विश्रामबागकर:
बेदाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं! पण दाजींना साखर लागते, काय करू?

बेदाणेवाली, तासगाव:
साखरेचा डबा बाजूला ठेवा, पण आधी दोन बेदाणे तोंडात टाकून घोट घ्यायला सांगा. तरी हवी असेल तर खुशाल घालू दे, पाहुणा आहे. चीज घेणारच असाल तर मऊ आणि कमी खारट घ्या. चॉकलेट यासोबत नको, ते जेवणानंतर.