एनव्हिडियाचं ३०६० ग्राफिक्स कार्ड का ४०६०? एकच नाव सांगा, तुळशीच्या लग्नाआधी घ्यायचंय

अक्षता_फ्रेम्स
दुकानदार म्हणतो नवीन घ्या, ४०६०. मित्र म्हणतो जास्त मेमरीवालं घे, ३०६०. किमतीत हजार-दीड हजाराचाच फरक हाय. व्हिडिओ एडिटिंगसाठी पायजे. टाइमलाइन (क्लिपांची पट्टी) लै अडकायलीय, दोन कॅमेरे एकावर एक ठेवले की संपलंच. तुळस झाली की सीझन सुरू, म्हणून फापटपसारा नको. मुक्काम परभणी.

पूर्णाकाठ
प्रोसेसर? बोर्ड? एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा? सॉफ्टवेअर? गाव न सांगता एसटी कोणती म्हणून विचारायलाव तुम्ही.

तिप्पट_पंखा
डोळे झाकून ४०६०. २०२३ चं कार्ड आहे, ३०६० आलं २०२१ ला. गेममध्ये १०८० वर साधारण वीस टक्के पुढे, वर डीएलएसएस ३ चं फ्रेम जनरेशन, म्हणजे गेममधल्या मधल्या फ्रेम कार्डच बनवतं. आणि वीज ११५ वॅट, ३०६० ला १७०. विषय संपला.

कोरडवाहू
संपला कसा? त्यांना एडिटिंग करायचंय, फ्रेम जनरेशन तिथं काय चाटायचंय का. ३०६० ला १२ जीबी मेमरी, बस, म्हणजे मेमरीचा रस्ता, १९२ बिटची, वेग सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ला ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी. कुडा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भागही ३५८४ विरुद्ध ३०७२.

तिप्पट_पंखा
कोअर मोजून कार्ड घेतात का दादा? ४०६० चा बूस्ट क्लॉक, म्हणजे जोर लावल्यावरचा वेग, २४६० मेगाहर्ट्झ, ३०६० चा १७७७. एल२ कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी जलद मेमरी, २४ एमबी, ३०६० ला फक्त ३. बस अरुंद करून कॅशनं भरून काढलीय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येसुद्धा सीन ८ जीबीत बसला तर ४०६० च पुढे.

कोरडवाहू
"बसला तर". आणि ४०६० ला बोर्डाशी जोडणाऱ्या आठच लेन आहेत, ३०६० ला सोळा. बोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल तर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातं. मेमरी भरून डेटा सिस्टीमच्या रॅमवर सांडला की मग तो रस्ता नडतो.

अक्षता_फ्रेम्स
भांडू नका राव. प्रोसेसर आय५ १०४००एफ, बोर्ड एच५१०, रॅम १६, एसएमपीएस ४५० वॅट. सध्या कार्ड जीटीएक्स १६५० हाय. सॉफ्टवेअर प्रीमिअर. आता सांगा.

गोदावरी_गिअर
घ्यायचं तर ३०६० च्या डब्यावर १२ जीबी लिहिलंय का ते आधी बघा. त्याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, १२८ बिटचं, वेग २४० जीबी. जुनं घेणार असाल तर दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा: शेडर (म्हणजे कुडा कोअरच) ३५८४, बस १९२, मेमरी १२२८८ एमबी दिसलं पाहिजे. बस इंटरफेसच्या रकान्यात "@ एक्स१६ १.१" दिसलं म्हणून घाबरू नका, कार्ड निवांत असताना लिंक खाली येते. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवली की खरा आकडा येतो.

मोठा_पडदा
फुटेज कसलं आहे हे कुणीच विचारेना.

अक्षता_फ्रेम्स
फोर के. अजून काय असतंय?

मोठा_पडदा
एक क्लिप मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवलीय) आणि बिट डेप्थ (छटा किती), या तीन ओळी इथं टाका.

बिनचूक_बॅच
मधेच सांगतो, घरच्या घरी एआयनं फोटो बनवायचे असतील तर १२ जीबीच घ्या. ८ जीबीत मोठी मॉडेलं मावत नाहीत.

पूर्णाकाठ
कुणी विचारलं का ते?

अक्षता_फ्रेम्स
एचईव्हीसी. ४:२:२. १० बिट.

मोठा_पडदा
तरीच. मग कोणतंही कार्ड आणा, टाइमलाइन अशीच अडकणार. दोन्ही कार्डांत व्हिडिओ उलगडणारा डिकोडर पाचव्याच पिढीचा आहे आणि तो एच.२६५ चं (एचईव्हीसीचंच दुसरं नाव) ४:२:२ घेत नाही, ४:२:०, म्हणजे रंगाची माहिती कमी असलेलं, घेतो. एनव्हिडियानं ४:२:२ आणलं थेट ५० च्या मालिकेत. म्हणजे आत्ता सगळा भार तुमच्या सहा कोअरवर पडतोय. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू, आणि क्लिप प्ले करा. "व्हिडिओ डिकोड"ची रेघ तळाला चिकटलेली आणि सीपीयू शंभराजवळ, असंच दिसेल.

तुमचं नशीब की बोर्ड एच५१० आहे. त्याच सॉकेटवर अकराव्या पिढीचा आय५ ११४०० बसतो. एफ नसलेला घ्या, एफमध्ये ग्राफिक्सच नसतं. त्यातलं यूएचडी ७३० हे एच.२६५ चं ४:२:२ १० बिट उलगडतं. बसवल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू करा, नाहीतर वेगळं कार्ड लावलेलं असलं की आतलं ग्राफिक्स झोपून राहतं. मग इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका, प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया, तिथं हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलची खूण करा आणि प्रीमिअर बंद करून परत उघडा. कॅमेरा एच.२६४ मध्ये ४:२:२ १० बिट देत असेल तर मात्र याचाही उपयोग नाही, तुमचं एचईव्हीसी आहे म्हणून सांगतोय.

पैसेच घालायचे नसतील तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या. क्लिपा निवडा, राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. रात्री लावून झोपा. नाहीतर कॅमेऱ्यातच ४:२:० करा. हळदीच्या पिवळ्या रंगावर जोरात ग्रेडिंग (रंग-दुरुस्ती) करत नसाल तर गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

तिप्पट_पंखा
आणि ११४०० आला की एच५१० चा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ४.० वर चालतो, आठ लेनची रड पण गेली. म्हणजे परत ४०६०. 😀 शिवाय एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडर फक्त त्यातच.

कोरडवाहू
एव्ही१ करून देणार कुणाला? गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन जातं आणि जुन्या टीव्हीला खुपसतं. एच.२६४ लागतं, ते दोन्ही कार्डं करतात. फोर केवर तीन-चार थर आणि इफेक्ट टाकले की १२ जीबीच कामाला येतं.

वायरमन_वसमत
एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टपुढं किती अँपिअर लिहिलंय? "४५०" बघू नका.

अक्षता_फ्रेम्स
२० ए.

वायरमन_वसमत
म्हणजे २४० वॅट. ११४०० टर्बोत (जोर लावल्यावर) १५४ वॅटपर्यंत ओढतो, ३०६० चे १७०. झाले ३२४. रेंडर लावला की मशीन फटकन बंद. ४०६० लावलं तरी २६९, तेही बसत नाही. १६५० ला बहुतेक वेगळी वायर नसते, म्हणून आजवर निभावलं. आणि दुकानदार साटाच्या (हार्डडिस्कच्या) वायरीवरून आठ पिनचा अडॅप्टर देईल, तो घेऊ नका. साटाची १२ व्होल्टची बाजू साडेचार अँपिअरची, म्हणजे ५४ वॅट. आठ पिनवर १५० पर्यंत ओढ असते. प्लास्टिक वितळतं. चांगला ५५० वॅटचा घ्या.

मळा_मोटार
घरात साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस त्यावर गुरगुरतो, कधी लाईट गेल्या क्षणी बंदच पडतो. प्युअर साइन वेव्ह लागतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग तुटतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.

लातूर_पॅटर्न_नको
आमच्याकडं २०१६ ला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, अर्थिंगला कुठून ओतू?

अक्षता_फ्रेम्स
म्हणजे आधी ११४०० आणि एसएमपीएस, कार्ड नंतर. रॅमची १६ ची एकच काडी हाय, ती चालतीय ना?

मोठा_पडदा
हे आत्ता सांगताय? तसलीच दुसरी काडी टाका, ड्युअल चॅनल होईल, म्हणजे दोन्ही काड्या एकाच वेळी डेटा देतील. स्लॉट दोनच असतील, भरून टाका. १६५० वर आठ दिवस काम करून बघा. एक्स्पोर्ट हळू वाटला तरच कार्डाचं बघू.

कोरडवाहू
तेव्हा ३०६०.

तिप्पट_पंखा
४०६०.

नवीन_सभासद_सेलू
दादा, १६५० काढणार असाल तर कितीला द्याल? बिल आहे का?