डेन्व्हरसाठी जुनी मस्टँग: टर्बो चार सिलिंडर की व्ही-८?

डोंगरवाट
मंडळी, अकरा वर्षं कोरोला चालवली, आता मसल कार घ्यायचीच. बजेट टॅक्ससकट २५ हजार डॉलर, त्यावर जाणार नाही. फोर्डची २०१८-१९ची मस्टँग बघतोय. २.३ लिटर इकोबूस्ट (टर्बो चार सिलिंडर, ३१० एचपी म्हणजे हॉर्सपॉवर) घ्यावी की जास्त मैल झालेली ५.० जीटी (व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडर, ४६० एचपी)? राहायला डेन्व्हरला. रोज ऑफिसला २२ मैल, बायकोही चालवणार, मागे चार वर्षांच्या मुलीची सीट. हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी आय-७० महामार्गाने डोंगरात जातो. स्वतः वापरलेल्यांनी सांगा.

व्ही८_ऑस्टिन
चार सिलिंडरची मसल कार नसते भाऊ. डॉजची चॅलेंजर स्कॅट पॅक घे. ६.४ लिटर, ४८५ एचपी. माझ्याकडे २०२१ची आहे, सकाळी चालू केली की गॅरेजचं दार थरथरतं. २५मध्ये बसणार नाही, पण थोडं लोन काढ. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून २०२३च्या डिसेंबरात शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. अशी गाडी परत व्हायची नाही.

मिशिगनची_मावशी
आधी टायरचं ठरवा, इंजिनाचं नंतर. मी जीटी घेतली ती ऐन नोव्हेंबरात, समर टायरवर. तापमान सात अंश सेल्सिअसखाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डिसेंबरात बर्फ नुसता भुरभुरला होता. सिग्नलला डावीकडे वळताना पाय जरा जास्त पडला, मागचं टोक फिरलं आणि गाडी फुटपाथच्या कडेवर. दोन रिम वाकले, १,९०० डॉलर गेले. चूक माझीच. विंटर टायरचे दीड हजार आजच बाजूला काढा.

पोनी_६४
मस्टँग मसल कार नाहीच, ती पोनी कार, म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये आली तेव्हा बेस मॉडेलला सहा सिलिंडरच होते. मसल कार म्हणजे त्याच वर्षीची पॉन्टिअॅक जीटीओ: मध्यम आकाराची गाडी आणि आत ३८९ क्युबिक इंचांचं मोठं व्ही-८ इंजिन. तेव्हा चार की आठ हा वाद मस्टँगला लागूच होत नाही.

व्ही८_ऑस्टिन
नाव काहीही द्या. आठ ते आठ.

पाना_१३
मी बोल्डरला राहतो म्हणून लिहितो. उंचीबद्दल वर कुणीच बोललं नाही. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे ढोबळमानाने ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे ४६०ची जीटी तुमच्या दारात ३९०च्या आसपास. आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर, तिथे जेमतेम दोन तृतीयांश उरते. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे इकोबूस्टला हा फटका बराच कमी बसतो. ऑस्टिनचा अनुभव ऑस्टिनला खरा, इथे हिशेब वेगळा.

दुसरं, पंपावर नीट बघा. आमच्याकडे रेग्युलर म्हणजे ८५ ऑक्टेनचं पेट्रोल असतं. घाईत पहिलं बटण दाबायचं नाही. टर्बोत ८५ कधीच घालू नका. किमान ८७, पूर्ण ताकद हवी तर प्रीमियम.

जीटीची बाजूही सांगतो. २.३मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत सोडणारे) धुतले जात नाहीत आणि कालांतराने त्यांच्यावर कार्बन बसतो. २०१८पासूनच्या ५.०ला थेट सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधी फवारणारे, असे दोन्ही प्रकारचे इंजेक्टर आहेत, तो त्रास तिथे कमी. जुनी घेताना इंजिन थंड असतानाच चालू करून बघा, कूलंटची पातळी बघा आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. पावत्या नसतील तर गाडी सोडून द्या.

तळेगावकर
२०१६ला भारतात मस्टँग आली तेव्हा फक्त ५.० जीटी, तीही ऑटोमॅटिक, ६५ लाखांच्या आसपास एक्स-शोरूम. चार सिलिंडरचा पर्यायच नव्हता. मी शोरूममध्ये पाच मिनिटं स्टिअरिंग धरून नुसता बसलो होतो. तुम्हाला २५ हजार डॉलरात मिळतेय. जीटीच घ्या.

हिशेबी
इन्शुरन्सचं कुणीच बोलत नाही. व्ही-८ घेतली तेव्हा माझा सहा महिन्यांचा हप्ता ९०० वरून १,४०० झाला, आणि कंपनीने कारण विचारलं तरी धड सांगितलं नाही. रोज ४४ मैल, घरात लहान मूल, म्हणजे हायब्रिड कॅम्री घ्या. पैसे उरतील.

मिशिगनची_मावशी
कॅम्री घ्यायची असती तर त्यांनी धागाच काढला नसता. टायरचं मात्र विसरू नका.

पाना_१३
मावशींना अनुमोदन. शिवाय आय-७०वर मॉरिसन ते डॉट्सेरो सप्टेंबर ते मे टायरचा नियम आहे. मस्टँगसारख्या टू व्हील ड्राइव्हला विंटर किंवा एम अँड एस (चिखल-बर्फाचे) टायर आणि त्यांच्या खाचांची ३/१६ इंच खोली हवी, नाहीतर टायरला लावायच्या चेन जवळ ठेवा. माझं मत इकोबूस्ट.

व्ही८_ऑस्टिन
स्कॅट पॅक. आणि व्ही-६ तर अजिबात नको, ना धड इकडची ना तिकडची.

डोंगरवाट
सगळ्यांचे आभार. दोन शनिवार गाड्या बघण्यात गेले. मुलीची सीट सोबत घेऊन गेलो होतो. मस्टँगमध्ये ती बसवायला पुढची सीट इतकी सरकवावी लागली की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. इकोबूस्ट चढावर खरंच छान ओढते, पाना म्हणाले तसंच. जीटीच्या पावत्या मिळाल्या नाहीत, म्हणून ती सोडली.

मग शेजारच्याच रांगेत २०१९ची चॅलेंजर जीटी दिसली. ३.६ लिटर व्ही-६, ३०५ एचपी, ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद. इथल्या उंचीवर त्यातले २६०च्या आसपास उरतील, ते मान्य. पण मागे सीट एका फटक्यात बसली, ८७वर चालते, आणि बायकोने चालवून पाहिली तेव्हा म्हणाली, ‘बर्फात ही मी नेईन.’ २३,४०० सगळं धरून. काल सही केली.

व्ही८_ऑस्टिन
इतकं सांगून व्ही-६! वाईट वाटलं. पण गाडी चॅलेंजर घेतलीस, अभिनंदन. रंग कुठला?

डोंगरवाट
गडद निळा.

मिशिगनची_मावशी
अभिनंदन! टायर कुठले आहेत त्यावर? खोली मोजलीत का?