मच्छीमारांची माहिती पीएचडीत डेटा म्हणून चालते का?

कृष्णाकाठची_पोर:
मी मिरजेची, एमएस्सी झूलॉजी झालंय, पीएचडीला ऑलिव्ह रिडले कासवं आणि मासेमारीची जाळी हा विषय घ्यायचाय, दापोली-गुहागर पट्ट्यात. कासव कधी, किती पाण्यात जाळ्यात येतं हे तिथल्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) तोंडपाठ, पण गाईड म्हणतात मुलाखत म्हणजे डेटा नव्हे, प्रस्तावनेत दोन ओळी टाक आणि पुढं चल. मला अजिबात पटत नाहीये. आपल्याकडनं जाऊन असं काम कुणी करतंय का?

कराडकर:
मंडणगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या वेळास गावाचं उदाहरण दे त्यांना. २००२ ला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं कासवांची घरटी वाचवायला घेतली ती गावातल्या लोकांना धरूनच, वाळूवरचा माग बघून घरटं शोधणारे तेच. २०२२ ला कासवं कुठं जातात ते कळायला त्यांना सॅटेलाइट टॅग लावले तेव्हापण अंडी घालायला आलेली मादी आधी किनाऱ्यावर गाठायला लागतेच की. मुलाखत डेटा होते, फक्त नीट घ्यायला पाहिजे. "कासवं कमी झाली का" असलं विचारू नको, लोक हो म्हणून मोकळे होतात. शेवटचं कासव कधी लागलं, तिथी कुठली, उधाण (मोठी भरती) होतं का भांग (लहान भरती), किती वाव (साधारण सहा फुटांचा एक) पाणी, जाळं कुठलं, हे एकेकट्याला विचार आणि तिथीवरनं तारीख काढून भरतीच्या तक्त्याशी लावून बघ. वेगवेगळ्या गावांतनं तेच यायला लागलं की कुणीपण ऐकतंय.

माहेर_दाभोळ:
अगं पण पहिल्या भेटीत कुणी सांगणार नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कासव शेड्यूल १ ला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, लोक घाबरतात. जाळं कापून कासव सोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ पासून योजना आहे, आधी त्याचे फोटो-अर्ज करायला मदत कर. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, माणसं जाळी शिवत बसलेली असतात, तेव्हा जा. आणि बायकांना विचारच, मासळी निवडताना जाळ्यातलं सगळं त्यांच्या हाताखालनं जातं. नावं मात्र छापू नको.

कोयनाकाठ:
आपल्या कोयनेचं वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत आणि तिथनं दाभोळ खाडीत जातं, त्यामुळं समुद्राशी आपला काय संबंध असं कुणी म्हणालं तर हे सांग. खाडीतल्या लोकांना त्या गोड्या पाण्याबद्दलपण विचार. आणि थिसिस जमा करायच्या आधी गावात मराठीत वाचून दाखव, चुकलेलं तिथंच कळंल.

कृष्णाकाठची_पोर:
तिथी आणि भरतीचा तक्ता करून गाईडना दाखवते. माहेर_दाभोळ ताई, जूनमध्ये तुमच्याकडं राहायला खोली मिळंल का?