स्प्लिट एसी बसवताना व्हॅक्यूम: गरज की गिऱ्हाइकाला दाखवायचा सोपस्कार?

डोंबिवलीकर
मे लागला की आमच्या इमारतीत नवे स्प्लिट चढायला लागतात, आणि पाइपमधली हवा-ओल शोषून काढणारा बसवणाऱ्याचा व्हॅक्यूम पंप बहुतेक वेळा खाली गाडीतच राहतो. बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पाव फेरा उघडायचा, जाड पाइपचा नट सैल करायचा, फुस्स आवाज आला की आवळायचा. झाली एअर काढून! माझं मत असं की हे काम अर्धवट आहे, त्याचे पूर्ण पैसे देऊ नयेत. गॅसच्या झोताने हवा बरीचशी निघते, पण नळीला आतून धरलेली ओल जागची हलत नाही. आर-32 गॅसच्या मशीनमधलं कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल (पीओई) पाणी ओढून घेतं, पुढे त्याचं आम्ल होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या मुळावर येतं. शिवाय हा गॅस सौम्य का होईना, पेट घेणारा आहे.

गॅसमास्तर
साहेब, चौथ्या मजल्यावर ग्रिलबाहेर एक पाय ठेवून काम करून बघा, मग बोलू. कॉलचा दर ठरलेला. पंप आमचा, पेट्रोल आमचं. सीझनला दिवसाला पाच-सहा कॉल असतात. प्रत्येक घरी अर्धा तास पंप लावला तर शेवटचं गिऱ्हाईक रात्री अकराला शिव्या घालतं. तीन मीटरचा नवा पाइप, दोन्ही टोकांना टोप्या, त्यात पाणी येणार कुठून? जुन्या आर-22 गॅसचं मशीन असंच बसवलं, पंधरा-पंधरा वर्षं चाललं.

कोथरूड_आयटीआय
मास्तर, आर-22 ची साक्ष इथे चालणार नाही. त्यातलं मिनरल तेल पीओईइतकं पाणी पीत नव्हतं, म्हणून पचलं. आणि टोप्यांचं म्हणाल तर भिंतीच्या भोकातून पाइप ओढताना त्या कुठे असतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. जुलैत पनवेलला उघडा पाइप तासभर पडला तर आत काय जाईल?

पण पंपवाल्यांनीही फार ताठू नये. साध्या गेजवर काटा खाली गेला की ‘फुल व्हॅक्यूम’ म्हणून पंप बंद करतात. हिशोब बघा. मुंबईत काटा 29 इंचांवर (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याचे 29 इंच दाब कमी) असताना आत अजून पाऱ्याचा सुमारे 23 मिलिमीटर दाब शिल्लक असतो. 25 अंशांना पाणी उकळायला दाब 24 च्या खाली लागतो, म्हणजे तिथे ते जेमतेम उकळायला लागतं. आपल्याला जायचं असतं 500 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर. हा सगळा फरक त्या गेजवर एका इंचाच्या आत संपतो. पुण्यात तर उंचीमुळे काटा 28 च्या आसपासच अडतो आणि नवखी पोरं गळती शोधत बसतात. इतका बारीक दाब दाखवणारा मायक्रॉन गेज नसेल तर अर्धा तास आणि दोन तास, दोन्ही अंदाजच.

सोसायटी_सेक्रेटरी
व्हॅक्यूमचे वेगळे पैसे मी देईन हो. पण तो नीट झाला हे मला कसं कळणार? पंपाचा आवाज ऐकून?

कोथरूड_आयटीआय
500 ला पोचल्यावर पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं मायक्रॉन गेज बघा. आकडा किंचित हलला तर चालतं, पण बराच चढून मग स्थिरावला तर ओल बाकी आहे, पंप पुन्हा लावावा लागेल. चढतच राहिला तर गळती. बहुधा फ्लेअर (नटात बसणारं पाइपचं पसरवलेलं टोक) नीट बसलेली नसते. पावसाळ्यात पंपाचं तेलही बघा. दुधाळ दिसलं तर तो पंप कितीही वेळ चालवा, खाली जाणार नाही. आणि आउटडोअरचे व्हॉल्व्ह हे सगळं झाल्यावरच उघडायचे.

डोंबिवलीकर
म्हणजे शेवटी मुद्दा माझाच खरा.

गॅसमास्तर
अर्धाच. ओलीचं मान्य, पाइप जोडायच्या क्षणापर्यंत टोपी काढणार नाही. लांब पाइपला आणि गळती काढलेल्या मशीनला मी आजही पंप लावतोच. पण तीन मीटरच्या नव्या कामाला तुम्ही ‘पैसे देऊ नका’ म्हणता, ते कापले जातात माझ्या हाताखालच्या पोराचे. दर ठरवणाऱ्याचे नाही. कंपनीने दरात पंपाची वेळ धरावी, मायक्रॉन गेज द्यावा, मग पंप न लावणाऱ्याला खुशाल कामावरून काढा. तोवर सेक्रेटरीसाहेब, वेगळे पैसे कॉल बुक करतानाच सांगा. दारात आल्यावर सांगितलंत तर पोरगा पंप आणायला परत खाली उतरणार नाही.