सेमरश की अहरेफ्स? छोट्या दुकानासाठी मदत हवी आहे

नमस्कार. येवल्यातील आमच्या पैठणीच्या दुकानाच्या संकेतस्थळासाठी सध्या मी गुगल सर्च कन्सोल आणि कीवर्ड प्लॅनर ही मोफत साधने वापरतो. सर्च कन्सोलमध्ये मागील 16 महिन्यांची माहिती मिळते, परंतु आपले पान ज्या शोधांत दिसले तेवढ्यांचीच. आणि जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्याला कीवर्ड प्लॅनर एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो याचा नेमका आकडा न देता ‘1 हजार ते 10 हजार’ असा ऐसपैस पल्ला दाखवतो, ज्यावरून ‘सेमी पैठणी’वर आधी लिहावे की ‘ब्रोकेड पैठणी’वर, हे ठरवता येत नाही.

म्हणून सेमरश किंवा अहरेफ्स या गुगलवरील शोधांचे विश्लेषण करणाऱ्या सशुल्क साधनांपैकी एकाचे शुल्क भरण्याचा विचार आहे. शोधसंख्येचे आकडे दोन्हींकडे शेवटी अंदाजच असतात, त्यामुळे त्यांवर माझी भिस्त नाही. स्पर्धक दुकाने कोणत्या शब्दांवर वर दिसतात आणि त्यांना कोणती संकेतस्थळे दुवे देतात, हे मला अधिक हवे आहे. (शुल्क डॉलरमध्ये, म्हणजे जरा जडच.)

दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगावे, की देवनागरीत टंकलेल्या मराठी शोधांची माहिती कशात बरी मिळते, आणि लग्नसराईपुरते शुल्क भरून नंतर ते बंद ठेवणे परवडते का?