दिव्यांगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी रिपोर्ट लिहिताना हात अडतोय

मी मुलुंडला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माझ्याकडे सात वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा येतो. लोकलचा हॉर्न वाजला की कान झाकतो, खूश झाला की हात फडफडवतो. वर्षभर आईबाबांना सांगतेय, हात धरू नका, नजरेला नजर देण्याची सक्ती नको. आता त्यांना त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, काढायचंय. निरामय या सरकारी योजनेचा १ लाखाचा आरोग्य विमा हवाय, आणि बाबा जुन्या करप्रणालीत असल्याने दिव्यांग मुलासाठी आयकरात मिळणारी ८०डीडीची ७५ हजारांची वजावटही.

काल रिपोर्टला बसले. 'नजर देत नाही', 'हातांच्या निरर्थक हालचाली'. पुढे लिहवेना. इसाचे (ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी, ISAA) ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७०च्या खाली आलं तर ऑटिझम धरतच नाहीत. त्याचं कौतुक करावं तर गुण कमी होणार. तुम्ही काय करता?

बारा वर्षांच्या मुलाची आई, डोंबिवली
ताई, एक नक्की करा. आमच्या तपासणीत 'मित्र आहेत का?' असं त्याच्यासमोरच विचारलं. मी नाही म्हणाले. परत येताना रिक्षात त्याने विचारलं, "आई, मला कोणीच नाही?" तो तेव्हा आठ वर्षांचा होता. आता मी उत्तरं घरूनच लिहून नेते. प्रश्न सुरू झाले की मावशी त्याला बाहेर घेऊन बसते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दादर
'निरर्थक' हा शब्द इसाने मागितलेला नाही. तो तुमचा आहे, काढून टाका. इसा विचारते किती वेळा, तेवढंच खरं सांगा. गुण फुगवू नका आणि मायेपोटी कमीही करू नका, त्यात नुकसान त्या घराचंच. हेडफोन नसले तर प्रवासात काय होतं? जेवताना कोणाला किती वेळ शेजारी बसावं लागतं? ही मदत काढून घेतली की जे दिसतं ते लिहा. सेंटरमध्ये तो शांत असतो कारण तुम्ही दिवे मंद करता, हेही लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
दिव्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज आईसोबत पुन्हा बसले. आता वाक्य असं आहे: 'आनंद झाल्यावर किंवा आवाज वाढल्यावर हात फडफडवतो, दिवसातून बहुतेक वेळा, याने स्वतःला सावरतो. हेडफोन नसल्यास स्टेशनवर पाऊल टाकत नाही, उचलून न्यावं लागतं.' गुण ४. आई वाचून म्हणाली, हा माझाच मुलगा आहे. शुक्रवारी बोर्डापुढे प्रश्न सुरू झाले की तो बाबांबरोबर बाहेर बसेल.