थंडीतली सकाळ चुकवू नका

थंडी पडली की किडे दिसेनासे होतात, आता कॅमेरा ठेवून द्यायचा, असं किड्यांचे फोटो काढणारे काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. निवांत बघायला हेच दिवस उत्तम. चतुराचे पंखांचे स्नायू तापेपर्यंत त्याला नीट उडताच येत नाही. उजाडताना गवताजवळ जा. काडीला लटकलेला चतुर डोळ्यांपासून शेपटीपर्यंत दवाने मढलेला असतो, वीतभर अंतरावर गेलात तरी हलत नाही. ऊन आलं की पुढच्या पायांनी डोळे पुसतो, पंख थरथरवून अंग गरम करतो आणि भुर्रकन जातो. तो पाऊण तास मला दरवर्षी नवा वाटतो.

कोळ्यांची जाळीही याच वेळी दिसतात, एरवी आपण त्यांतून सरळ चालत जातो. सूर्याकडे तोंड करून बघा, दवाने एकेक धागा उजळतो. फोटोसाठी जाळ्यावर पाणी मात्र कृपया फवारू नका.

आणि रात्री विजेरी डोळ्यांजवळ धरून जमिनीवर झोत टाका. गवतात हिरवट ठिणग्या चमकल्या तर बहुधा लांडगा कोळ्याचे डोळे. हळूच वाका, मादी असेल तर कदाचित पाठीवर पिल्लांची दाटी दिसेल.